चौथा संघ

नारायण धुरी मास्तरांनी आयुष्यात एकच गोष्ट कमावली होती, ती म्हणजे निःपक्षपाती माणूस असं नाव. सावंतवाडीकडून ते ऐंशी साली सिल्वासाच्या सरकारी शाळेत खेळाचे शिक्षक म्हणून आले. तेव्हापासून सायकलची स्कूटर झाली, डोक्यावरचे केस गेले, बाकी फारसं काही घडलं नाही. पण नाव मात्र त्यांनी लोणच्याच्या बरणीसारखं जपलं. कुणाचा ओला हात लागू दिला नाही.

त्यांची मुलगी रूपाली त्यांच्याच शाळेत होती. लेझीममध्ये ती वर्गात पहिली, हे शिपायालाही माहीत होतं. मास्तरांनी तिला वीसपैकी नऊ गुण दिले आणि सगळ्या वर्गासमोर तिचं पाऊल कुठे चुकतं ते दोनदा करून दाखवलं. पोर घरी येऊन जेवली नाही. शैलजावहिनी म्हणाल्या, "लोकांना दाखवायला स्वतःच्या पोरीला कशाला रडवता?" मास्तर म्हणाले, "दाखवायला नाही. तत्त्व आहे." वहिनींनी ताट उचललं. अशा तत्त्वांशी वाद घालून उपयोग नसतो हे त्या लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी शिकल्या होत्या. मला विचाराल तर माणसाला तंबाखूचं व्यसन परवडलं, चांगल्या नावाचं नको. तंबाखू निदान खाणाऱ्यालाच खाते.

तर सिल्वासात दर जानेवारीला कारखान्यांच्या संघांची कबड्डी व्हायची. आठ संघ, सगळे एकमेकांशी खेळायचे, पहिले चार पुढे उपांत्य फेरीत. त्र्याण्णव साली या फेरीला वेगळंच वजन आलं. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचे क्रीडा अधिकारी ती बघायला येणार होते. त्यांना आपल्या संघासाठी दोन खेळाडू हवे होते. नोकरी कायमची, राहायला खोली, प्रॉव्हिडंट फंड. अट एकच, निवडीच्या दिवशी वय पंचविसाच्या आत पाहिजे.

मसाटच्या सुताच्या कारखान्याचा कप्तान वाल्मिक त्या वर्षी सोळा मार्चला पंचविशी पूर्ण करणार होता. जानेवारीत निवड झाली तर तो जेमतेम बसत होता. म्हणजे औंदा, नाहीतर कधीच नाही. वाल्मिक अमळनेरकडचा. ठेकेदाराच्या हाताखाली सहा वर्षं मशीनवर उभा होता, आणि दर साडेपाच महिन्यांनी ठेकेदार त्याला आठ दिवस घरी बसवायचा, म्हणजे कायम करायची कटकट नको. त्या आठ दिवसांत त्याची आई चिमाबाई दुसऱ्यांच्या घरी भांडी घासायची.

निवडीचा अर्ज इंग्रजीत होता. वाल्मिक तो घेऊन मास्तरांकडे आला. मास्तरांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात तो भरून दिला, जन्मतारखेपाशी थांबले आणि म्हणाले, "अगदी काठावर आहेस रे."

"म्हनूनच तं सर," वाल्मिक म्हणाला. "पुढला साल माले कोन इचारस?"

चिमाबाई बरोबर आली होती. तिनं फडक्यात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा आणला होता. "मास्तर, आम्ही खान्देशनं, तुम्ही कोकणनं, पन या मुलखात आपली बोली एकच शे," ती म्हणाली. "तुमना भरोसावर शेत आम्ही." मास्तरांना ते आवडलं. भाकरी त्यांनी ठेवून घेतली.

स्पर्धेत तीन संघ सहज पुढे गेले. चौथ्या जागेसाठी मसाट आणि सायली यांचे गुण सारखे, आणि दोघांचा एकमेकांशी सामना उरलेला. सायली गावचा संघ प्लॅस्टिकच्या कारखान्याचा. त्यांना नवे कोरे गणवेश, नवे बूट आणि कल्पेश नावाचा कप्तान होता. कल्पेश हा स्पर्धा समितीचे अध्यक्ष रजनीभाई यांचा सख्खा भाचा.

सामना सुरू झाला आणि वाल्मिकनं सायलीला अक्षरशः झोडपलं. उत्तरार्धात गुण होते चोवीस-अकरा, सात मिनिटं बाकी. तेवढ्यात कल्पेश घोटा धरून खाली बसला. बसला तो बसलाच. बर्फ आला, तेल आलं, कुणीतरी हळद आणली, चाळीस मिनिटं गेली आणि अंधार पडला. मैदानावर दिवे नव्हते. पंच वाळू हा तिथलाच वारली गडी, शिट्टीचा पक्का. त्यानं कागदावर गुण लिहून सही केली आणि उरलेली सात मिनिटं उद्या खेळवू म्हणाला. घरी जाताना कल्पेश मोटारसायकलला स्वतःच किक मारताना दिसला.

दुसऱ्या दिवसापासून मैदान सव्वीस जानेवारीच्या परेडच्या सरावाला दिलेलं होतं. ते वरून आलेलं फर्मान, तिथे कबड्डी कोण विचारतो? उपांत्य फेरी सत्तावीसला. मग ठरलं की चौथा संघ समितीनं बसून निवडावा.

समिती चौघांची. रजनीभाई, कारखानदारांच्या मंडळाचे. अलकाबाई, मुंबईहून प्रशासनात आलेल्या, त्या इतिवृत्त लिहायच्या. चेतन, लेबर ऑफिसातला तरुण कारकून. आणि धुरी मास्तर. शनिवारी चार वाजता शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळे जमले. रजनीभाईंनी फाफडा आणला होता. वाळू गुणांचा कागद घेऊन आला, तर त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं.

मास्तर येताना स्कूटरवर वाक्य घोकत आले होते. चोवीस-अकरा, विषय संपला. एवढंच बोलायचं. खरं होतं, सोपं होतं आणि लहान होतं. पण पायऱ्या चढता चढता त्यांना मागच्या वर्षीची गोष्ट आठवली. त्यांनी मालवणच्या एका मुलाचं नाव उत्कृष्ट खेळाडूसाठी सुचवलं होतं, आणि कँटीनमध्ये चेतन त्यांच्या पाठीमागे हसत कुणाला तरी म्हणाला होता, "मराठी माणूस मराठीच शोधणार." वर्ष झालं तरी ते वाक्य मास्तरांच्या दाढेत अडकून बसलं होतं. चेतन ते दुसऱ्या दिवशीच विसरला होता.

रजनीभाईंची बैठक चालवायची एक रीत होती. कुणाबद्दल निर्णय घ्यायचा तर आधी त्याच्या आपल्या माणसाला विचारायचं. सोयरीक असो, धंदा असो, घरच्यानं जे सांगितलं तेच खरं. आणि पहिला बोलला की त्याच्यावरून दुसरं बोलायचं नाही, तो अपमान. या रीतीवर त्यांनी तीन भाच्यांची लग्नं आणि दोन कारखाने उभे केले होते.

"सायली माटे हूं नहीं बोलूंगा," रजनीभाई म्हणाले. "कल्पेश मेरा भांजा है, मेरा मुँह बंद. मसाटवाले मराठी लोक, धुरीसाहेब, तुमचे मानस. तमे बोलो. पहिला तुम्ही."

तिघांनी मास्तरांकडे पाहिलं. चेतन किंचित हसला. तो हसला कारण त्याला वाटलं की आता पाच मिनिटांत काम आटोपेल, मसाटचं नाव लिहू आणि घरी जाऊ. मास्तरांना त्या हसण्यात कँटीन दिसलं. अलकाबाईंनी पेन उघडून धरलं होतं. त्यांना वाटत होतं की मास्तर चोवीस-अकरा म्हणतील, तसं झालं की आपण लिहायचं.

"माझं मत स्पष्ट आहे," मास्तर म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून ताठ झाले. "सामना पुरा झालेला नाही. अपुऱ्या सामन्याचे गुण धरणं नियमात बसत नाही. राहिली शिस्त. सायलीचा संघ वेळेवर येतो, गणवेशात येतो. मसाटची मुलं दोनदा उशिरा आली."

मसाटची मुलं उशिरा आली होती कारण त्यांची पाळी चारला सुटायची आणि साडेचारच्या सामन्याला ती मैदानापर्यंत धावत यायची. मास्तरांना ते माहीत होतं. एकदा त्यांनी स्वतः वाल्मिकला स्कूटरवर आणलं होतं.

"आणि मी मराठी म्हणून मसाटचं नाव घेईन, असं कुणाच्या मनात असेल," त्यांनी चेतनकडे बघितलं, "तर ते काढून टाका. माझ्या मते सायली."

रजनीभाईंनी फाफड्याचा तुकडा तोंडाशी नेला होता, तो तसाच राहिला. ते घरून ठरवून आले होते की मास्तर मसाट म्हणाले की लगेच हो म्हणायचं, भाच्याच्या घोट्याची गावभर चाललेली थट्टा एकदाची संपेल. भाच्याला त्यांनी त्या दिवशी सकाळीच दोन शिव्या हासडल्या होत्या.

"पक्कं, धुरीसाहेब?" त्यांनी विचारलं.

"पक्कं."

मास्तर थांबले. आता कुणीतरी बोलावं असं त्यांना फार वाटलं. एक जण जरी म्हणाला असता की सर, हे काही बरोबर नाही, तर ते दोन मिनिटं आढेवेढे घेऊन मसाटला कबूल झाले असते, नावही राहिलं असतं आणि पोरगंही. पण समोरचे तिघेही सुशिक्षित, संस्कारी, दुसऱ्याच्या माणसात तोंड न घालणारे. रजनीभाईंनी मनाशी म्हटलं की घरचाच माणूस नको म्हणतो, म्हणजे आतलं काही असेल, आपल्याला काय ठाऊक. अलकाबाईंना वाटलं की खेळातलं यांना जास्त कळतं. चेतन म्हणाला, "सरच म्हणतात तर..."

"वाळूला आत बोलवायचं का?" अलकाबाईंनी विचारलं.

"आता शुं काम?" रजनीभाई म्हणाले. "नक्की थयी गयुं."

अलकाबाईंनी लिहिलं की चौथा संघ सायली, निर्णय एकमताने. चौघांच्या सह्या झाल्या. चौघांपैकी एकालाही तो निर्णय नको होता, आणि तो एकमतानं झाला. वाळूनं गुणांचा कागद घडी करून खिशात ठेवला. त्याला कुणी निकाल सांगितला नाही, पण फाफड्याचा रिकामा पुडा फेकायला दिला.

"मसाटवाल्यांना तुम्हीच कळवा," रजनीभाई मास्तरांना म्हणाले. "तुमचे मानस."

मास्तर घरी आले ते छाती काढूनच. वहिनींना त्यांनी सगळं सांगितलं. वहिनी भाजी निवडत होत्या. "पोरगा पुढे होता ना?" त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, "प्रश्न तो नाही." वहिनी म्हणाल्या, "मग प्रश्न तुमचाच असणार." एवढं बोलून त्यांनी देठं गोळा केली आणि आत गेल्या. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण त्यांना पाठ होती, पण नवऱ्याच्या तोंडावर कशी म्हणायची म्हणून गिळली.

रविवारी सकाळी मास्तर मसाटच्या चाळीत गेले. संघाची सातही पोरं वाल्मिकच्या खोलीबाहेर जमली होती. चिमाबाईनं स्कूटर पाहून आतून पितळेचा तांब्या आणला. येताना मास्तरांनी ठरवलं होतं की खरं ते सांगायचं, मी असं असं बोललो, कारण असं. पण पोरांची तोंडं बघितली आणि ते तत्त्व जिभेपर्यंत येईना. समितीपुढे जे शौर्य वाटतं ते आईपुढे सांगता येत नाही.

"सायलीला घेतलं," ते म्हणाले. "समितीचा निर्णय. एकमतानं झाला."

एक पोरगा मोठ्यानं शिवी घालून उठला. वाल्मिकनं त्याला खाली बसवलं. मग म्हणाला, "अध्यक्षना भाचा शे ना. आपलं कोन ऐकनार? सर, तुम्ही बोलले असतीन. एकटे पडले असतीन."

मास्तरांनी खाली पाहिलं. "प्रयत्न केला," ते म्हणाले.

चिमाबाईनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "तुम्ही बोलनात, तेच भरपूर," ती म्हणाली. "आमनासाठी या गावमा कोन तोंड उघडस?" मास्तरांनी तिला उठवलंही नाही. त्यांना त्या क्षणी स्वतःची किळस आली, हे खरं आहे. पण किळस चहाच्या घोटाबरोबर उतरते, नाव मात्र टिकतं. परतायच्या आधी त्यांनी पोरांचं सांत्वन म्हणून सत्तावीसच्या सामन्यांना सगळ्यांना स्वयंसेवक करून टाकलं. छातीला बिल्ला, दुपारी पुरीभाजी. पोरांनी सरांचे आभार मानले.

सत्तावीसला सकाळी वाल्मिकनं मैदानावर फक्कीनं रेषा आखल्या. मध्यरेषा, बोनस रेषा, सगळ्या सरळ. मग तो दोरीपाशी उभा राहून गर्दी मागे हटवू लागला. मुंबईचे अधिकारी सफारी सूट घालून पुढच्या खुर्चीत बसले, मांडीवर डायरी. मास्तर त्यांच्या डावीकडे, रजनीभाई उजवीकडे. अलकाबाई आणि चेतन मागे.

सायलीचा सामना बघवत नव्हता. एकावर एक तीन लोण बसले. कल्पेश चढाईला गेला की प्रेक्षक "घोटा, घोटा" ओरडायचे. शेवटी एक्केचाळीस-बारा झाले आणि अधिकारी जांभई देत म्हणाले, "हा तुमचा चौथा नंबर? याच्यापेक्षा बरं कुणी नव्हतं?"

तेव्हा पंच वाळू, ज्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं, शिट्टी गळ्यात अडकवून पुढे आला. "साब, तो पोर बघा ना," तो दोरीकडे बोट करून म्हणाला. "पाच मिनिट खेळवा. मग सांगा."

दुसरा सामना सुरू व्हायला वेळ होता. अधिकारी म्हणाले, "बघू." जिंकलेल्या संघाचे सात गडी मैदानात उभे केले आणि वाल्मिक बिल्ला काढून, अनवाणी, एकटा चढाईला गेला. पहिल्या चढाईत दोघांना शिवून आला. दुसऱ्या चढाईत तिघांनी धरला, तर तिघांनाही ओढत मध्यरेषेपर्यंत आणलं. गर्दी उभी राहिली. चेतन खुर्चीवर चढून शिट्ट्या मारायला लागला. मास्तर खुर्चीतून उठून टाळ्या वाजवू लागले. त्यांना आनंद झाला होता, निखळ आनंद. खोटं कशाला बोला, त्या पाच मिनिटांत ते त्या पोराचे सगळ्यात मोठे चाहते होते.

अधिकाऱ्यांनी डायरी उघडली. वाल्मिकला जवळ बोलावून नाव, गाव, वय विचारलं. तो धापा टाकत सांगत होता आणि ते लिहीत होते. "अरे, मग हा संघात का नव्हता?" त्यांनी रजनीभाईंना विचारलं. "याला सोडून तुम्ही तो घोट्याचा हीरो घेतलात?"

रजनीभाईंना ही संधी वाटली. त्यांना खरोखरच एका माणसाचं कौतुक करायचं होतं. दहा दिवस ते ज्याला त्याला हीच गोष्ट सांगत होते. "साहेब, वो भी सुनो," त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "धुरीसाहेब जैसा आदमी मैंने देखा नहीं. ये मसाटवाले इनके खुद के मानस. हम तीनों तो मसाट ही देनेवाले थे. मैं खुद मेरे भांजे को काटने आया था. लेकिन इन्होंने पहला ना बोला. अपने लोगों को खुद ने ना बोला! ऐसा न्याय कहाँ मिलता है?"

वाल्मिक तिथेच उभा होता. त्यानं रजनीभाईंकडे बघितलं, मग मास्तरांकडे. अजून त्याला दम लागलेला होता.

अधिकाऱ्यांचं पेन मात्र थांबलं. न्यायबियाचं त्यांना काही पडलं नव्हतं. चाळीस वर्षं माणसं निवडण्यात गेलेली, त्यांना एकच कळलं की घरच्यांनी नाकारलेलं आहे. "आपला तो बाब्या म्हणतात लोक," ते हळू आवाजात म्हणाले. "इथे आपल्याच माणसानं नको म्हटलं. म्हणजे खेळ सोडून दुसरं काही आहे का? दारू? मारामारी? युनियन? मला कंपनीच्या खोलीत ठेवायचाय हा, सर. स्पष्ट सांगा. काही असेल तर आत्ता सांगा, नसेल तर मी नाव पक्कं करतो."

एवढा सोपा प्रश्न मास्तरांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. काही नाही साहेब, पोरगा सोन्यासारखा आहे. सहा शब्द. पण ते बोलले असते तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग तुम्ही नको का म्हणालात? आणि त्याचं उत्तर रजनीभाई, अलकाबाई, चेतन, सगळ्यांसमोर द्यावं लागलं असतं, की काही कारण नव्हतं. मला बरं दिसायचं होतं.

मास्तरांनी घसा साफ केला.

"तसा मुलगा बरा आहे," ते म्हणाले. "पण..."

आणि थांबले.

अधिकाऱ्यांनी काही क्षण वाट पाहिली, समजूतदारपणे मान हलवली आणि डायरी मिटली. "कळलं. थँक यू, सर. असा सल्ला कोणी देत नाही." मग ते कोपऱ्यातला पाणीवाला शोधू लागले. रजनीभाईंचा हात अजून मास्तरांच्या खांद्यावर होता. अलकाबाईंनी मास्तरांकडे असं बघितलं की जणू पहिल्यांदाच बघताहेत, आणि लगेच नजर फिरवली. त्याही काही बोलल्या नाहीत. इथेही पहिला बोलून झाला होता.

वाल्मिक हलला नव्हता. तो ओरडला नाही, अंगावर आला नाही. ओरडला असता तर मास्तरांना किती सोपं झालं असतं, बघा कसा बेशिस्त आहे असं म्हणता आलं असतं. त्यानं अगदी वर्गात विचारावं तसं विचारलं.

"पन काय, सर?"

मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला.

"सांगा ना सर. माय इचारीन घरी. पन काय, ते सांगा."

लाउडस्पीकरवर मास्तरांचं नाव पुकारलं गेलं. समितीनं ठरवलं होतं की पुढल्या वर्षापासून निवडीचं काम एकट्या धुरी सरांकडे द्यायचं. रजनीभाई त्यांना दंडाला धरून स्टेजकडे घेऊन गेले. हार घातला, नारळ दिला, सिल्वासातला सगळ्यात निःपक्षपाती माणूस असं म्हणून त्यांची ओळख करून दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर माइकपुढे आले. खाली, दोरीच्या आत, वाल्मिक तिथेच उभा होता आणि उत्तराची वाट बघत होता.